पायातली वहाण आणि आमचे अकरा जोड

मागच्या महिन्यात धाराशिवला अभ्यासवर्गाची बैठक होती. विषय होता शिष्यवृत्तीच्या रखडलेल्या हप्त्यांचा. बैठक संपली, चहा आला, आणि चळवळीत तीस वर्षं घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्या पायाकडे बघत म्हणाले, "कितीला पडले हे?" आम्ही खरं सांगितलं. साडेसहा हजार. तेही सेलमध्ये. क्षणभर कुणी बोललं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "अन् असे अजून दहा जोड घरी हायेत म्हणं. ऊसतोडीच्या पोरांच्या शाळेसाठी वर्गणी मागत फिरताव तुमी."

त्यांचा प्रश्न आम्हाला झोंबला. झोंबला कारण तो अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा कुठे चुकला, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी आमचा हिशोब मांडतो, म्हणजे पाठीमागे कुजबुज करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. आम्ही एका संस्थेत समाजकार्य करतो. मानधन २४ हजार. वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत आमच्याकडे एका वेळी कधीही दोनपेक्षा जास्त पादत्राणं नव्हती, एक चप्पल आणि एक बूट. मग टाच दुखायला लागली. कळंब, वाशी, भूमच्या वस्त्यांवर पायी फिरून फिरून सकाळी अंथरुणातून उठल्यावर पाय टेकवेना. डॉक्टरांनी गोळ्या कमी दिल्या आणि बूट बदलायला सांगितले. सोलापूरला जाऊन पहिला बरा जोड घेतला. तो पायात घातला आणि दुकानातच चार पावलं चाललो, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा समजलं की चालणं ही न दुखणारी गोष्ट असू शकते. तिथून हा नाद लागला. कुठला सोल शिवलेला, कुठला नुसता चिकटवलेला, रबर भट्टीत शिजवून कापडाला कसं जोडतात, मधला फोमचा थर किती किलोमीटरनंतर बसतो, हे सगळं आम्ही एखाद्या पेपरच्या अभ्यासासारखं वाचलं. चार वर्षांत अकरा जोड झाले. त्यातले पाच वापरलेले, म्हणजे सेकंडहँड. एकूण खर्च ४३ हजारांच्या आत. आम्ही दारू पीत नाही, गाडी जुनी आहे. हे समर्थन म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या समाजात पायाचा इतिहास काय आहे?

आमचे आजोबा कळंब तालुक्यातल्या एका गावात येसकर होते. वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, काखोटीला मारायच्या, आणि वाडा मागे पडल्यावर पुन्हा घालायच्या. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा कसा भाजतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. वडील सांगतात, आजोबा वाड्यापासून लांबचा, ओढ्यातला रस्ता धरायचे. अर्धा कोस जास्त चालावं लागे, पण वहाण पायातच राही. त्यांचं हे बंड होतं. त्याची नोंद कुठल्या ग्रंथात नाही.

मराठीत एक म्हण आहे, पायातली वहाण पायातच बरी. ती वहाणेबद्दल नाही हे आपल्याला सगळ्यांना कळतं. ती माणसांबद्दल आहे, आणि कुठल्या माणसांबद्दल तेही कळतं. आजही सभ्य, सुशिक्षित घरांत ती हसत हसत वापरली जाते.

'जातिसंहार' या लाहोरसाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. तिथल्या सवर्ण गावकऱ्यांनी बलाईंना नियम घालून दिले. जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी हे सुधारकांच्या तोंडावर का ठेवलं? कारण त्यांना माहीत होतं की जात फक्त विहिरीवर आणि देवळाच्या पायरीवर राहत नाही, ती काठात आणि जरीत राहते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितलं, की ज्या पेहरावावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता तो टाका. आपल्या आज्या-पणज्यांनी लुगडं नेसायची पद्धत बदलली. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, पोटाला नाही आणि लुगड्याची काय चैन?

हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी: जून २०१८ मध्ये गुजरातेत एका तेरा वर्षांच्या दलित मुलाला मारहाण झाली, कारण त्याने पायात मोजडी घातली होती. त्याला आधी जात विचारली, मग मारलं, आणि त्याचा व्हिडिओही काढला. २०२३ मध्ये त्याच राज्यात बनासकांठा जिल्ह्यातल्या मोटा गावी एका तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारलं. मोजडीची किंमत किती असेल? पाचशे? हजार? मारणाऱ्याला किंमतीशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त त्या पायात ती वहाण नको होती.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की बुटात काय असतं, तेव्हा आम्हाला आधी त्याची जात बघावीशी वाटते. ज्याच्या पाच पिढ्यांना वहाण काढायला कुणी सांगितलं नाही, त्याला बुटात काही नसतंच.

आता आक्षेप बघू. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आमच्या एका मित्राने एम. एन. श्रीनिवास काढले. म्हणाला, हे संस्कृतीकरण आहे, वरच्यांची नक्कल. आम्ही त्याला म्हटलं, बाबा, वरच्यांची नक्कल करायची असती तर आम्ही जानवं घातलं असतं, किंवा मग खादी. हे बूट कुणाचे आहेत? १९८५ साली बाजारात आलेला एअर जॉर्डन हा एका काळ्या बास्केटबॉल खेळाडूच्या नावाचा बूट. १९८६ साली रन-डीएमसीने गाणं केलं ते आदिदासच्या बुटांवर, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतल्या पोरांच्या चालण्यावर. आणि त्याच्याही आधी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस पदक घ्यायला आले ते बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर. काळ्यांचं दारिद्र्य जगाला दिसावं म्हणून. स्मिथने आपला बूट चबुतऱ्यावर शेजारी ठेवला होता. मूठ वर केलेला तो फोटो आपल्या बऱ्याच कार्यकर्त्यांच्या मोबाईलवर आहे. पाय कुणी बघत नाही. १९७२ ला ज्या पँथरचं नाव आपल्या पोरांनी उचललं, ती त्याच लोकांची. आपण त्यांचं नाव घेतलं, कविता घेतली, पुढे रॅप घेतला. मग बूट घेतले तर ते 'बाजारू' कसे?

अर्थात इथे भाबडेपणा नको. तो जॉर्डन विकून कंपनी अब्जाधीश झाली, आणि त्याच बुटांसाठी अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांत पोरांनी पोरांचे खून केले. १९९० साली स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्यावर मुखपृष्ठ केलं होतं. अस्मिता आणि बाजार एकाच खोक्यातून येतात.

दुसरा आक्षेप धम्माचा. एका उपासकाने आम्हाला 'तृष्णा' हा शब्द ऐकवला. ठीक आहे, मग विनय उघडू. महावग्गाचा पाचवा खंध चामड्याबद्दल आणि पादत्राणांबद्दलच आहे. सोण कोळिविस नावाचा चंपेचा श्रेष्ठिपुत्र भिक्खू झाला. पाय इतके नाजूक की चंक्रमण करताना तळवे फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. भगवंतांनी ते बघितलं, त्याला वीणेच्या तारेचा दृष्टांत दिला, आणि पुढे त्याला एका थराच्या वहाणा वापरायला परवानगी दिली. सोणाने काय म्हणावं? तो म्हणाला, मी ऐंशी गाड्या सोनं आणि हत्ती सोडून आलो, आता लोक म्हणतील सोण वहाणेत अडकला. संघातल्या सगळ्यांना परवानगी असेल तर मी घालीन, नसेल तर नाही. मग भगवंतांनी सगळ्या संघाला परवानगी दिली.

हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला. भगवंतांनी रक्ताळलेल्या पायाला तपश्चर्या म्हटलं नाही. ज्या देशात अनवाणी चालण्याला पुण्य समजतात, तिथे हे लहान नाही.

त्याच खंधात पुढे दुसरा सोण येतो, कुटिकण्ण. महाकच्चायनांचा निरोप घेऊन तो अवंती-दक्षिणापथातून आलेला. निरोपात एक मागणी अशी, की आमच्याकडची जमीन वरून काळी, कडक, जनावरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, एका थराची वहाण पुरत नाही. भगवंतांनी त्या सीमेवरच्या प्रदेशांसाठी अनेक थरांच्या वहाणांची मुभा दिली. काळी, कडक, खुरांनी तुडवलेली जमीन! आम्ही हे वाचलं तेव्हा आम्हाला आमचं शिवार दिसलं. जाड सोलची मागणी अडीच हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडूनच गेली होती म्हणायची.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. त्याच खंधात सहा जणांच्या एका टोळक्याची गोष्ट आहे. हे छब्बग्गीय भिक्खू पूर्ण निळ्या, पूर्ण पिवळ्या, पूर्ण लाल वहाणा घालून फिरायचे. लोक कुरकुरले आणि भगवंतांनी ते बंद केलं. स्नीकरवाल्यांचे आद्यपुरुष हेच, असं आम्ही गमतीने म्हणतो. पण तो नियम भिक्खूंना आहे. आम्ही गृहस्थ आहोत. गृहस्थासाठी अनाथपिंडिकाला सांगितलेली चार सुखं आहेत: संपत्ती असण्याचं, ती भोगण्याचं, ऋण नसण्याचं आणि निर्दोष वागण्याचं. यातलं तिसरं लक्षात ठेवा, कारण आमची चूक तिथेच झाली.

आमच्या संस्थेच्या संपर्कातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा, आयटीआय करणारा, आईवडील दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. आम्ही त्याला अर्ज भरायला मदत केली, इंटरव्ह्यूची तयारी करून घेतली. त्याला आमचे बूट आवडायचे. प्रत्येक वेळी विचारायचा, सर, हा कुठला मॉडेल? आम्हीही रंगात येऊन सांगायचो. जॉर्डन, मेक्सिको, टॉमी स्मिथ, सगळं. दिवाळीनंतर त्याच्या मोबाईलवर वसुलीचे फोन येऊ लागले. त्याने एका ॲपवरून हप्त्यावर नऊ हजारांचे बूट घेतले होते. तीन हप्ते थकले. फोन करणाऱ्याने त्याच्या मावशीला फोन केला, वर्गातल्या मुलीला फोन केला. पोरगं आठ दिवस खोलीतून बाहेर आलं नाही.

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावणार कोणत्या तोंडाने? तो म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणला होताव ना, आपल्या पायाला कुणी अडवायचं नाही म्हणून." आम्ही आमचा एक जोड विकला, चार हजार दोनशे आले, त्यात भर घालून त्याचं कर्ज मिटवलं. त्याने ते पैसे परत करायचे ठरवले आहेत आणि महिन्याला पाचशे देतो. आम्ही घेतो. नको म्हटलं तर तेही एक प्रकारे वाड्यासारखंच होईल.

म्हणून बैठकीतल्या त्या ज्येष्ठांचा अर्धा प्रश्न बरोबर आहे. सोणाची अट आम्ही विसरलो होतो: सगळ्यांना असेल तर मला. आमच्या पायातला बूट आमच्यासाठी स्वाभिमान होता, त्या पोरासाठी तो सावकार झाला. पण म्हणून उत्तर 'सगळ्यांनी टायरच्या चपला घाला' असं निघत नाही. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्र आणि फुरसत यांची बाजू का घेतली, गरिबीच्या आध्यात्मिक कौतुकाला नकार का दिला, हे आपण विसरू नये. स्वतः बाबासाहेबांना पेनांचा नाद होता, पुस्तकांसाठी त्यांनी राजगृह बांधलं. त्यांच्या सुटावर टीका करणारे लोक कोण होते हेही इतिहासात आहे.

आमच्या मते खरा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारलाच नाही. बूट करतं कोण?

अकरा जोडांची नावं, साल, रंग आम्ही पाठ म्हणून दाखवू शकत होतो. त्यातला एकही जोड आपल्या माणसांच्या हातचा नव्हता. ज्या देशात जनावर ओढायचं आम्ही, सोलायचं आम्ही, कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी, आणि २०१६ साली उनाला गाय सोलली म्हणून भर रस्त्यात फटके खायचे तेही आम्हीच, त्या देशातला एक आंबेडकरवादी माणूस चामडं-रबराचा नाद करतो आणि त्याला कारागीर दिसत नाही. हे कसं झालं?

उत्तर कडू आहे, तरी लिहितो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती आमच्या घरातही होती. ओढ्याच्या रस्त्याने वहाण जपत जाणारे आमचे आजोबा चांभाराच्या घरी पाणी पीत नसत. आजीने हे स्वतः सांगितलेलं आहे. आपण बौद्ध झालो, मृत जनावर ओढणं सोडलं, ते सोडायलाच हवं होतं. पण त्या कामाबरोबर ते काम करणाऱ्यांकडे बघायची नजरही सोडली का? जयंतीच्या मिरवणुकीत किती चर्मकार, मातंग बांधव आपल्या शेजारी असतात, आणि नसतील तर दोष नेहमी त्यांचाच असतो का?

तिकडे बाजाराला हे सगळं बरोबर दिसतं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या वहाणा मांडल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. २०१९ मध्येच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आमच्या शेजारचं सोलापूर, आणि कर्नाटकातले चार. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा कबूल केली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जोडाची किंमत ठरली सुमारे ८०० युरो. त्या गदारोळात 'मराठी अस्मिता' हा शब्द आम्ही शेकडो वेळा ऐकला. 'चर्मकार' किती वेळा ऐकला ते मोजायला बोटंही जास्त होती. बाभळीची साल आणि हिरड्यात महिनोन्महिने चामडं कमावणारा माणूस अस्मितेत बसत नाही. वहाण बसते.

उलट दिशेचं एक काम मुंबईत झालं आहे. २०१५ च्या गोवंश कायद्यानंतर धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचं काम गेलं, तेव्हा सुधीर राजभर या कलावंताने त्यांना सोबत घेऊन टायर-ट्यूबच्या पुनर्वापर केलेल्या रबरापासून पिशव्या करायला घेतल्या आणि नाव दिलं 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर मारला जातो तोच लेबलवर छापला. महाग आहेत, आम्ही घेतलेली नाही. पण नाव लपवायचं नाही ही गोष्ट आम्हाला पटते.

आमच्यापुरतं सांगायचं तर, शोध बसस्टँडच्या बाहेर संपला. आमच्या एका जोडाचा सोल सुटला. तो आम्ही वर्षभर डब्यात जपून ठेवला होता, सिलिकाच्या पुड्या घालून. घातलेलाच नव्हता. बाहेर काढला तर मधला थर हाताला लागताच बिस्किटासारखा चुरला. जुन्या पॉलियुरेथेनच्या सोलचं असंच होतं, हवेतला ओलावा तो आतून खातो, आणि वापरला नाही तर जास्तच. कंपनीच्या दुकानात विचारलं तर नवा घ्या म्हणाले. स्टँडच्या कडेला छत्री लावून बसणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी बूट उलटा केला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "साहेब, हे नुस्तं चिकटिवलेलं हाय. शिवलंच न्हाई कुणी." मग जुन्या टायरचा थर कापून, वाकड्या सुईने सगळीकडून टाका घालून दिला. दीडशे रुपये. सात महिने झाले, तो जोड आम्ही रोज घालतो. आमच्या संग्रहातला आता तोच सगळ्यात महागाचा असं आम्ही मानतो, आणि कुणी मॉडेल विचारलं तर काकांकडे पाठवतो.

काकांचा मुलगा पुण्यात पार्सल पोचवतो. वडील काय करतात ते तो मित्रांना सांगत नाही. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. "त्यानं सांगावं तरी कशाला," म्हणाले. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

येत्या जयंतीला समाजमंदिरात रक्तदान शिबिराच्या बाजूला एक टेबल लावायचा प्रस्ताव आम्ही समितीसमोर ठेवला आहे. काकांनी पोरांना बूट शिवायला, सोल बसवायला शिकवायचं. हप्त्यावर नवा घेण्याआधी जुना दुरुस्त करता येतो हे कळावं म्हणून. काकांनी दोन गोष्टी विचारल्या. खुर्ची मंचावर असेल का मंचाखाली, आणि दिवसाचा धंदा बुडतो त्याचं काय? मंचावर, असं आम्ही सांगितलं. त्यांनी आठशे रुपये मागितले. पाहुण्या वक्त्याला आपण प्रवासखर्च धरून पाच हजार देतो. आठशे जास्त होतात का, यावर समितीत अजून चर्चा चालू आहे.